पाऊण मिलिमीटर

रंगराव,

परवा पंचगंगेच्या घाटावर तुमच्या रक्षाविसर्जनाला माणसं मावत नव्हती. शिरोलीहून दोन टेंपो भरून फौंड्रीतले गडी आले होते. तुमच्या हाताखाली शिकून ज्यांनी पुढं स्वतःचे कारखाने काढले, ते मोटारी लांब उभ्या करून अनवाणी चालत आले. मी पायरीवर उभा होतो आणि मनात काय चाललं होतं सांगू? मी गेल्यावर एवढी येतील का, असा विचार करत होतो. तीस वर्षं शाळेत शिकवलं. त्यातली किती येतील, याचा अंदाज बांधत होतो. तुमच्या विमलच्या भावाला वाटलं, मी रडतोय. त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी फिरवू दिला.

तुम्ही हे ऐकून हसला असता. तुम्हाला माझा हा स्वभाव माहीत होता, आणि माहीत असून तुम्ही माझ्याकडं येत राहिलात. म्हणूनच लिहायला बसलो आहे. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. विसरलो म्हणून नाही, मी ती सांगितली नाही. सहा महिने खिशात घेऊन हिंडलो.

आपण साडू. माझी शालन थोरली, तुमची विमल धाकटी. सासुरवाडीच्या कुठल्याही कार्यात आपली ओळख करून द्यायची पद्धत ठरलेली होती. ‘हे थोरले जावई, हायस्कुलात मास्तर आहेत, इतिहास आणि इंग्रजी शिकवतात. आणि हे धाकटे, कारखान्यात असतात.’ हा क्रम मला आवडायचा. तुम्ही मोल्डर होता. ओल्या वाळूत साचा दाबायचा, त्यात धातूचा रस ओतायचा, हे तुमचं काम. तुमच्या नखांतली काळी वाळू लग्नाच्या दिवशीसुद्धा निघाली नव्हती, हे मी तेव्हा बघून ठेवलं होतं.

जुन्या जपानी नाण्यांचा नाद मला तुमच्या लग्नाच्या आधीपासूनचा. कोल्हापुरात शिवराया जमवणारे गल्लोगल्ली होते. मला कुणाकडं नाही ते पाहिजे होतं. जपानात शोगुन नावाच्या सेनापतीचा अंमल होता, त्याच्या हाताखाली आपल्या संस्थानिकांसारखे सरदार होते, त्या दोन-अडीचशे वर्षांतली नाणी. तांब्या-पितळेची, मधोमध चौकोनी भोक असलेली. मुंबईच्या एका विक्रेत्याशी पत्रव्यवहार करून नऊ वर्षांत माझ्याकडं अकरा जमली होती. आतून मखमल लावलेल्या कंपासपेटीत ती होती आणि पाहुणे आले की पेटी निघायची.

कोयनेचा भूकंप झाला त्या वर्षातली गोष्ट. एका रविवारी सकाळी तुम्ही आलात आणि माझ्यापुढच्या टेबलावर एक रुमाल सोडलात. चौकोनी भोकाची चाळीसच्या वर नाणी खळखळत पसरली.

“मास्तर, ह्ये काय हाय बगा. भंगारात आलतं. फुटकी भांडी, नळाच्या तोट्या, त्यातच हे. मुशीत टाकायला उचललं आन् हात आवरला.”

मी एक नाणं उचललं. जपानी, कानेई काळातलं. दुसरं उचललं, तेही. चार तर पाठीवर लाटांची नक्षी असलेली, ज्यांतलं एक मिळावं म्हणून मी मुंबईला तीन पत्रं टाकली होती. माझे कान तापले. मी म्हणालो, “काही विशेष नाही. चिनी असतील. साधी आहेत.”

“असं व्हय? मग ऱ्हाऊ द्या. सोमवारी मुशीत टाकतो.” तुम्ही रुमालाची टोकं गोळा करायला लागलात.

“नको!” मी ओरडलोच. शालन स्वयंपाकघरातून बाहेर आली. “जपानी आहेत ती. जुनी आहेत. टाकू नका.”

तुम्ही माझ्याकडं बघितलं आणि मोठ्यानं हसलात. त्या वेळी मी मागितली असती तर तुम्ही सगळी देऊन टाकली असती, हे मला माहीत होतं. पण धाकट्या साडूकडं मागायचं कसं? मी मागितली नाहीत. तुम्ही ती घरी नेलीत, आणि तुम्हालाही नाद लागला.

तुमचा नाद माझ्यासारखा नव्हता. मी अक्षरं वाचायला शिकलो होतो, काळ सांगू शकत होतो, शोगुनांची नावं मला तोंडपाठ होती. तुम्ही नाणं हातात घेऊन अंगठ्यानं त्याची कड चाचपत बसायचात. एकदा मी तुम्हाला समजावत होतो की गोल म्हणजे आकाश, चौकोन म्हणजे पृथ्वी, असा त्या भोकाचा अर्थ आहे. वर्गातही मी हेच सांगत आलो होतो. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, चहा प्यालात आणि म्हणालात, “असंल की. पर मास्तर, कडंला कानस मारलीया बगा. शंभर नाणी एका सळईत ओवायची आन् सगळ्यांच्या कडा एकदम घासायच्या. भोक गोल असतं तर घासताना नाणं फिरलं असतं. चौकोनी सळई, चौकोनी भोक. फिरत न्हाय.”

मी म्हणालो, “असेल तसंही.” पुढं वर्षभरानं मुंबईहून मागवलेल्या पुस्तकात हेच छापलेलं वाचलं, तेव्हा पुस्तक मिटून मी रंकाळ्यावर दोन फेऱ्या मारून आलो. तुम्हाला ते पुस्तक दाखवलं नाही.

आणखी एकदा तुम्ही त्या चाळिसांतलं एक नाणं वेगळं काढलंत. बाकीच्यांपेक्षा जरासं मोठं, अक्षरं धारदार. “ह्यी आई हाय,” म्हणालात. “हिच्यावरनं बाकीची पोरं पाडलीत.” मी हसलो. जपानी माणसं अशा नाण्याला खरोखरच आई-नाणं म्हणतात, हे मला नंतर कळलं. तेही सांगितलं नाही.

ती नाणी भंगारात कुठून आली हे शोधून काढलं मात्र मी. भंगारवाल्याच्या मागं लागून लागून कसबा बावड्यातल्या एका घराचा पत्ता काढला. निवृत्त हवालदार होते. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांची पलटण वर्षभर जपानात होती. त्या घरी आणखी काही असेल, या आशेनं मी निघालो आणि एकटं जायला संकोच वाटला म्हणून तुम्हाला बरोबर घेतलं. आयुष्यात मी ज्या चुका केल्या त्यांत या चुकीचा नंबर बराच वर होता, असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो.

म्हातारे सोप्यात बसले होते. “या पावणं, बसा की. कुठनं आलासा?”

मी सांगायला सुरुवात केली. शाळेचं नाव, संग्रह, इतिहासाचं महत्त्व. म्हातारे ऐकत होते, पण सुनेनं नाणी भंगारात घातली हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात तुम्ही खिशातून रुमाल काढलात आणि त्यांच्यापुढं ठेवलात.

“तुमचं हाय हे, आबा. सगळी हायत. एकबी वितळू दिलं न्हाय.”

येताना मला पत्ताही लागू दिला नव्हता तुम्ही! म्हाताऱ्यांनी रुमाल सोडला, नाण्यांवरून हात फिरवला. पडलेल्या घरांचं एक शहर होतं, म्हणाले, तिथल्या एका म्हाताऱ्यानं बिस्किटांच्या डब्याच्या बदल्यात हे दिलं. “मला डबा तसाच द्यायचा होता. त्यो घेईना. म्हणला, फुकट न्हाय.” मग त्यांनी तुम्हाला विचारलं, “ह्ये कसं करत असतील रं?” आणि तुम्ही जमिनीवर उकिडवे बसून अंगणातल्या मातीत बोटानं साचा काढून दाखवलात. मधली नळी, तिच्या दोन्ही अंगांना नाणी, झाडाच्या फांदीला पानं असावीत तशी. तासभर. मी खुर्चीवर बसून होतो. कुणी माझ्याशी बोललं नाही.

निघताना म्हाताऱ्यांनी रुमाल तुमच्या हातात परत दिला. वर आतून एक पुडी आणली. त्यात ते लांबट, अंड्याच्या आकाराचं मोठं नाणं होतं. तेम्पो काळातलं, शंभर मोनांचं, म्हणजे शंभर साध्या नाण्यांच्या मोलाचं. चित्रात सोडून मी ते कधी पाहिलं नव्हतं. “हे बी असू दे तुला,” म्हातारे म्हणाले. तुला. पत्ता मी काढला होता.

परत येताना सायकलवर तुम्ही म्हणालात, “मास्तर, ह्यो टेंपो तुमी ठेवा. तुमाला वाचता येतंय.” मी म्हणालो, “नको. तुम्हाला दिलंय त्यांनी.” तसं नाणं मी स्वतःच्या हिमतीवर मिळवून दाखवणार होतो.

मिळवायला सात वर्षं गेली. मुंबईच्या विक्रेत्यानं अखेर एक पाठवलं. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मी प्रदर्शन मांडलं. टेबलावर माझी नाणी, शेजारी तुमची काही, मधोमध माझं तेम्पो. तुमचंही तेम्पो मी मागून घेतलं होतं, एकाला दोन दिसावीत म्हणून. हेडमास्तर आले, पाहुणे आले. तुम्ही कामावरून परस्पर आला होता. हेडमास्तरांनी सहज विचारलं, “या दोन्हींतलं चांगलं कुठलं हो?”

तुम्ही माझ्याकडं बघितलं. “दोन्ही चांगली हायत, साहेब.”

तिथंच थांबायला हवं होतं. पण तुमच्या नजरेत काहीतरी होतं आणि ते मला खुपलं. मी म्हणालो, “बोला की. तुम्ही तर जाणकार आहात.”

“ऱ्हाऊ द्या, मास्तर.”

“नाही, बोला.”

मग तुम्ही खिशातून व्हर्नियर काढलात, फौंड्रीत मापं घ्यायचात तो. एक माप घेतलंत, दुसरं घेतलंत. “मास्तरांचं पाऊण मिलिमीटरनं ल्हान हाय. रस थंड होताना आकसतो, साहेब. नाण्यावरनंच साचा घेऊन नाणं ओतलं की ते ल्हानच निघतंय. अक्षरं बी बसकी हायत बगा. हे ओतलेल्यावरनं ओतलंय. नक्कल हाय.”

हेडमास्तर मोठ्यानं हसले. पाहुणेही हसले. सात वर्षं माझ्या डोळ्यांपुढून सरकली आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, “भट्टीपुढं उभं राहून इतिहास कळत नसतो, रंगराव.”

तुम्ही व्हर्नियर रुमालात गुंडाळला. प्रदर्शन संपेपर्यंत कोपऱ्यात उभे राहिलात, तुमची नाणी मी परत करेपर्यंत. “येतो मास्तर,” म्हणालात आणि गेलात.

त्यानंतर दोन वर्षं आपलं जाणं-येणं बंद. मी शालनलाही तुमच्याकडं जाऊ दिलं नाही. ‘त्यांनी आधी यावं’ हे माझं वाक्य होतं. दोघी बहिणी महाद्वारात भाजी घ्यायच्या निमित्तानं भेटतात, हे मला माहीत होतं आणि माहीत नसल्यासारखं मी वागत होतो. विमलच्या धाकट्याच्या बारशाला शालन गेली नाही. ती त्या दिवशी दिवसभर जेवली नाही. तरीही मी ‘जा’ म्हणालो नाही, रंगराव. ते नाणं मी रोज काढून बघत होतो. रोज मला ते खरंच दिसायचं.

मग एका दिवाळीत, पाडव्याला, तुम्ही विमलला आणि मुलांना घेऊन दारात उभे राहिलात. चपला काढता काढताच म्हणालात, “मास्तर, त्या टायमाला माझंच बगण्यात चुकलं असंल. मनात ठेवू नका.”

“असू दे, असू दे,” मी म्हणालो. थोरल्या साडूनं म्हणावं तसं. शालन विमलच्या गळ्यात पडून रडली. मी जिंकलो होतो. फराळ करताना मी तुम्हाला तेम्पो काळाची सगळी माहिती सांगितली, तुम्ही मान डोलावत चकल्या खाल्ल्यात.

पण जिंकल्याचं समाधान काही टिकेना. तुमच्यासारखा माणूस मापात चुकेल कसा? हे मनात राहिलं. वर्षं गेली, तुम्ही शिरोलीला मुकादम झालात, तुमचा खोकला सुरू झाला, आणि मी एका मासिकातून जपानातल्या कोबे शहरातल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांचा पत्ता मिळवला. ते पन्नास वर्षं हीच नाणी अभ्यासत होते. मी पेन्सिलीनं नाण्याचा ठसा कागदावर घेतला, मापं लिहिली, वजन लिहिलं आणि इंग्रजीत विचारलं. त्यात असंही लिहिलं की माझे एक अडाणी नातेवाईक, ओतारी काम करणारे, हे नाणं लहान असल्यामुळं खोटं म्हणतात, तरी आपण खुलासा करावा.

उत्तर गेल्या गणपतीत आलं. त्यात लिहिलं होतं: तुमचं नाणं जुनं आहे, आणि तुमच्या नातेवाइकांचं म्हणणंही बरोबर आहे. हे शोगुनाच्या टांकसाळीतलं नव्हे. अडचणीत आलेले काही सरदार त्या काळी आपापल्या मुलखात चालू नाण्यावरूनच साचा घेऊन गुपचूप अशी नाणी ओतत. ती लहान निघत. हा फरक ओळखायला आमच्याकडं वर्षं घालवावी लागतात. तुमच्या नातेवाइकांनी पुस्तकाशिवाय तो ओळखला असेल, तर ते अडाणी नाहीत. मला त्यांना पत्र लिहायचं आहे. कृपया त्यांचं नाव आणि पत्ता कळवावा.

म्हणजे आपण दोघंही बरोबर होतो. किती चांगली बातमी! दुसरा कुणी असता तर त्याच पावली सायकल काढून तुमच्याकडं आला असता. मी ते पत्र तीनदा वाचलं आणि दर वेळी शेवटच्या ओळीपाशी अडलो. पत्र मी लिहिलं, इंग्रजी माझं, नाणं माझं, आणि त्यांना पत्रव्यवहार करायचा होता तुमच्याशी.

तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा मी दोनदा आलो. दोन्ही वेळा पत्र माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. पहिल्यांदा विमल होती, म्हणून बोललो नाही, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्यांदा ती चहा आणायला खाली गेली होती. दुपारची भेटायची वेळ होती. तुमच्या छातीचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. डॉक्टर म्हणाले होते, इतक्या वर्षांची वाळू आहे आत. तुम्ही डोळे उघडलेत, मला बघून हसलात आणि विचारलंत, “काय मास्तर, जपानचं काय नवीन?”

माझा हात खिशाकडं गेला होता. देवाशपथ गेला होता.

“काही नाही,” मी म्हणालो. “सगळं जुनंच.”

“जुनंच असणार की वो,” तुम्ही म्हणालात आणि हसता हसता तुम्हाला ढास लागली. नर्सनं मला बाहेर काढलं. पुढच्या वेळी सांगू, असं ठरवून मी बसमध्ये बसलो. रंगपंचमीच्या आदल्या दिवशी तुम्ही गेलात.

काल मी विमलकडं गेलो. शालन बरोबर होती. मी पत्र काढलं आणि विमलला मराठीतून वाचून दाखवलं, सगळं, ‘अडाणी’ हा शब्द मी लिहिला होता तेसुद्धा. ती परातीत तांदूळ निवडत होती. पत्र वाचून होईपर्यंत तिचे हात चालूच होते.

“म्हणजे त्यांचं मापात चुकलं नव्हतं,” मी म्हणालो. “त्या पाडव्याला ते उगीच माफी मागून गेले.”

“मला ठावं हाय, दाजी.”

“काय ठाऊक आहे?”

“त्यांचं चुकलं नव्हतं ते. तुमच्याकडनं परत जाताना रस्त्यातच मी विचारलं, खरंच चुकलं का वो तुमचं? तर म्हणाले, नाणं ल्हानच हाय, विमल. पर तुझी आक्का दोन वर्षं झाली आली न्हाय आपल्याकडं. मास्तरांना येता येत न्हाय, मग आपुनच जायाचं.” तिनं तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला. “हे पत्र कधी आलं?”

“गणपतीत.”

तिनं पहिल्यांदाच वर बघितलं. शालननं माझ्याकडं बघितलं ते मात्र मला अजून दिसतंय. घरी येईपर्यंत ती माझ्यापुढं चार पावलं चालत होती.

मापाच्या बाबतीत तुम्ही मालकालासुद्धा खोटं सांगितलं नाही, रंगराव. अख्ख्या शिरोलीला ते माहीत आहे. आणि माझ्या दारात उभं राहून, मुलांसमोर, तुम्ही स्वतःच्या नजरेला खोटं पाडलंत, आणि पुन्हा कधी एका शब्दानंही तो विषय काढला नाहीत. तुमच्या चाळीस नाण्यांचा मी हेवा केला, हवालदारांनी दिलेल्या तेम्पोचा केला, परवा घाटावरच्या गर्दीचा केला. पण त्या पाडव्याच्या वाक्याचा जितका हेवा वाटतो तितका आजवर कशाचाच वाटला नव्हता. हे मला जमलं नसतं. मला तर खिशातलं पत्रसुद्धा काढता आलं नाही.

आज सकाळी कोबेच्या पोस्टमास्तरांना उत्तर लिहिलं. त्यांचे आभार मानले, उशिराबद्दल क्षमा मागितली. माझे नातेवाईक अडाणी नव्हते, मी तसं लिहिलं ते चुकीचं होतं, असं लिहिलं. मग त्यांनी मागितलं होतं म्हणून तुमचं पूर्ण नाव लिहिलं, वळणदार अक्षरात, परदेशातल्या माणसाला नीट वाचता यावं म्हणून एकेक अक्षर सुटं करून. त्याखाली त्यांना तुमचा पत्ता हवा होता. तो काही मला लिहिता आला नाही.